ग्राफिटीतून पॉप आर्ट पेंटिंगकडे आलोय, पण चित्रं माझी वाटत नाहीत. काय करू?

भिंतवेडा:

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय त्यामुळे लांबला तर सांभाळून घ्या.

मी २६ वर्षांचा, राहायला धनकवडीला. अकरावीत होतो तेव्हा मी आणि दोन मित्रांनी मिळून स्प्रेचे डबे हातात घेतले, ते पण हार्डवेअरच्या दुकानातले, गाडीचा ओरखडा झाकायला वापरतात ते. तेव्हा फक्त टॅग, म्हणजे आपलं टोपणनाव. रात्री साडेबारा एकला बाहेर पडायचं, बंद पडलेल्या कारखान्याची मागची भिंत नाहीतर नदीपात्राकडची एखादी पडकी भिंत गाठायची, दोघं लिहिणार आणि एक जण रस्त्याकडे लक्ष ठेवणार. काळा आणि चंदेरी एवढे दोनच रंग परवडायचे. पण सकाळी क्लासला जाताना बसच्या खिडकीतून आपलंच नाव दिसायचं आणि शेजारी बसलेल्या माणसाला काही पत्ता नसायचा की हे लिहिणारा इथेच बसलाय, ते जे वाटायचं ना ते मला अजून शब्दांत सांगता येत नाही.

टॅगवरून मग थ्रो-अप, म्हणजे फुगीर अक्षरं दोन रंगांत पटकन उरकायची, आणि त्यानंतर पीस, म्हणजे बऱ्याच रंगांतलं मोठं काम, ज्याला चार चार तास लागतात आणि त्यामुळे परवानगीची भिंतच लागते. माझी पहिली परवानगीची भिंत एका गॅरेजवाल्या काकांची. त्यांची अट एकच होती, पंक्चर हा शब्द लांबून दिसला पाहिजे. तिथे मी पहिल्यांदा सहा रंग एकत्र वापरले आणि रंगाचं वेड लागलं ते लागलंच. नंतर कॅफे, हॉस्टेल, दोन सोसायट्यांची पार्किंगं अशी कामं मिळत गेली.

लॉकडाऊनमध्ये भिंती बंद झाल्या तेव्हा घरात कॅनव्हास आणला. तेव्हापासून पॉप आर्टसारखं काम करतोय, सपाट भडक रंग, जाड काळी आउटलाइन, ठिपके, कॉमिकमधले चेहरे, वरून ओघळ. घरात आज १४ कॅनव्हास आहेत, आईने कपाटामागची जागा त्यांच्यासाठी रिकामी करून दिलीय.

आता अडचण. मागच्या महिन्यात एका कलादालनात फोटो घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी सगळे फोटो शांतपणे बघितले आणि म्हणाल्या, हात चांगला आहे तुझा, पण हे काढणारा पुण्यात राहतो का टोकियोत हे मला यातून कळत नाही. वाईट अजिबात बोलल्या नाहीत, चहा पण पाजला, पण ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. घरी येऊन चौदाच्या चौदा भिंतीला टेकवून बघत बसलो आणि खरंच एकही माझा वाटेना. काळ्या-चंदेरीत नुसतं नाव लिहायचो ते जास्त माझं होतं.

त्यात जुने मित्र म्हणतात तू विकला गेलास. आणि आणखी एक, दोन कॅनव्हासवरचा रंग पापुद्र्यासारखा निघायला लागलाय, ते का होतंय तेही कळत नाहीये. भिंतीवरून कॅनव्हासवर आलेलं कोणी इथे असेल, किंवा यातलं कळणारं कोणी, तर प्लीज सविस्तर लिहा.

ठिपक्यांची_रांगोळी:

धागा आवडला. मी भिंतीवाली नाही, डिझाइन शिकले आणि आता त्याच्यावरच पोट आहे, पण हा सगळा इतिहास माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहिते.

आधी ते विकला गेलास प्रकरण. न्यूयॉर्कमध्ये टाकी १८३ असं जिकडेतिकडे लिहिणारा एक मुलगा होता, १८३ म्हणजे त्याच्या रस्त्याचा नंबर, निरोप्याचं काम करायचा त्यामुळे शहरभर पायपीट आणि जाईल तिथे नाव. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी केली आणि मग शेकडो पोरं लिहायला लागली. म्हणजे तुझं बसच्या खिडकीतलं सुख हे तिकडचंही पहिलं सुख आहे. आणि पुढच्या दहा वर्षांतच यातली काही पोरं कॅनव्हासवर आली होती. क्रॅश म्हणून एक आहे, ब्राँक्सचा, तेराव्या वर्षापासून रेल्वेचे डबे रंगवायचा, १९८० मध्ये त्याने ग्राफिटीवाल्यांचं प्रदर्शन स्वतः भरवलं, आणि त्याच्या कॅनव्हासवर कॉमिकच्या चेहऱ्यांचे तुकडे आणि स्प्रेची अक्षरं एकत्र दिसतात. तुझ्या रस्त्यावरून चाळीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस आहे, त्याचं काम नक्की बघ.

बास्किया या न्यूयॉर्कच्या चित्रकाराचं तर सगळ्यांना माहीत असतं. मित्राबरोबर सेमो या नावाने मॅनहॅटनच्या भिंतींवर वाक्यं लिहायचा, दोघांचं बिनसलं तेव्हा सेमो मेला असं भिंतीवरच लिहून मोकळा झाला आणि पेंटिंगला लागला. २७व्या वर्षी गेला, १९८८ मध्ये. त्याचं १९८२ चं कवटीचं चित्र २०१७ च्या लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं. पण मला तुला सांगायचंय ते त्याच्याबद्दल नाही, कीथ हेरिंगबद्दल आहे.

हेरिंग आर्ट स्कूलमध्ये शिकत होता. १९८० मध्ये त्याच्या लक्षात आलं की भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर जाहिरातीची जागा रिकामी असली की तिच्यावर काळा कागद चिकटवतात. तो वर गेला, पांढरा खडू घेऊन आला आणि त्या कागदावर काढायला लागला. एकेका दिवसात चाळीस चाळीस चित्रं काढलीत त्याने, आणि पकडलाही गेला कितीतरी वेळा. आता विचार कर, पोलीस कधीही येणार, खडू पुसून दुरुस्ती करायला वेळ नाही, येणारा जाणारा माणूस गाडी पकडायच्या घाईत. यातून ती रेषा आली, एकदाच ओढलेली, जाड, न तुटणारी, लांबून कळणारी. पुढे रंगात आला तेव्हा सुरुवातीला त्याने कॅनव्हास नाही घेतला, व्हिनाइलच्या ताडपत्र्या घेतल्या आणि त्यावर तीच रेषा नेली. ती रेषा त्याला स्टेशनने शिकवली होती, आणि म्हणून गॅलरीत गेल्यावरही ती त्याचीच राहिली. १९८६ मध्ये त्याने पॉप शॉप उघडलं, टीशर्ट आणि बॅज विकायला, तेव्हा त्यालाही लोक विकला गेलास म्हणालेच. त्याचं म्हणणं होतं की महागडं चित्र ज्यांना घेता येत नाही त्यांच्यापर्यंत पण पोचायचंय. त्याच वर्षी हार्लेममध्ये ड्रग्जविरुद्धची ती प्रसिद्ध भगवी भिंत पण रंगवली, म्हणजे दुकानही चालू आणि भिंतही चालू. ३१ व्या वर्षी एड्सने गेला, १९९० मध्ये.

तू लिहिलंयस सपाट रंग, ठिपके, कॉमिकचे चेहरे. हे झाले पॉप आर्टचे कपडे. अमेरिकेतल्या पॉप आर्टवाल्यांचंच बघ. वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली कारण तो डबा तिथल्या प्रत्येक घरात होता. तो स्वतः आधी बुटांच्या जाहिरातींची चित्रं काढायचा. रोझेनक्विस्ट तर टाइम्स स्क्वेअरला उंच परांचीवर चढून होर्डिंग रंगवायचा, तेच प्रचंड आकार त्याने पुढे पेंटिंगमध्ये आणले. लिक्टेनस्टाइनचे ठिपके ही मुळात स्वस्त छपाईची युक्ती, कमी शाईत फिकट रंग दिसावा म्हणून. प्रत्येकाने आपल्या बाजारातली वस्तू उचलली. आपल्या स्वयंपाकघरात ते सूप कधी आलंच नाही रे, मग आपण तो डबा काढला की ते चित्राचं चित्र होतं. त्या बाईंना बहुतेक हेच म्हणायचं होतं.

शिरोरेषा:

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला, विशेषतः होर्डिंगवाल्याचं. मला त्याच्यावरच लिहायचंय.

माझे बाबा पेंटर. म्हणजे पाट्या रंगवणारे. मंडईच्या मागे छोटा गाळा होता, बोर्ड, शटर, टँकरच्या मागचं ‘पाणी’, दुधाच्या गाडीवरची गाय, आणि गणपती जवळ आले की मंडळांच्या देखाव्याचे पडदे, दोन दोन रात्री घरी यायचे नाहीत. फ्लेक्स आल्यावर तीन चार वर्षांत काम आटलं आणि गाळा सोडावा लागला. आता ते ७१ वर्षांचे आहेत. तुम्ही विचारताय ते मी त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकत आलेय म्हणून हक्काने सांगते.

पाटी कशी व्हायची ते सांगते. पत्र्याला आधी गंज रोखायला रेड ऑक्साइड, मग लांबी (पुट्टी) भरून पॉलिशपेपरने घासायचं, मग जमिनीचा रंग दोन हात. मग खडूत घोळवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे टिचकी मारायची की सरळ रेघ उमटते. अक्षर आधी खडूने बसवायचं, आणि मग डाव्या हातात काठी, काठीच्या टोकाला चिंध्यांचा बोळा, त्याच्यावर उजवं मनगट टेकून एनॅमलचा ब्रश एका दमात फिरवायचा. थांबलं की रेघेला गाठ येते. छाया कायम एकाच बाजूला. पिवळ्यावर लाल, निळ्यावर पांढरं, हिरव्यावर पिवळं, ही रंगसंगती त्यांना कोणी शाळेत शिकवली नाही. लक्ष्मी रोडवरून सायकलवर जाणाऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे, एवढंच माप. ते म्हणायचे, पाटी वाचायला माणसाला थांबावं लागलं तर पाटी चुकली.

आता हे आणि हेरिंगचं स्टेशन यात मला तरी फरक दिसत नाही.

चित्रकार हुसेनसाहेब पंढरपूरला जन्मले आणि मुंबईत सुरुवातीला सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, हे बाबा आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की पाठ झालंय. आणि कमल शेडगे. मराठी नाटकाच्या जाहिरातीतलं नाव बघूनच नाटक विनोदी आहे का गंभीर हे कळायचं, ती करामत त्या माणसाच्या अक्षराची. ते २०२० मध्ये गेले तेव्हा बाबांनी जपून ठेवलेली कात्रणं काढली होती, पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींची, दोन फायली भरून. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं पण बघा कुठे मिळाली तर, सपाट रंग आणि रेषा म्हणजे काय ते तिथे दिसतं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही तुमचं टोपणनाव कुठल्या लिपीत लिहिता? तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैज लावते की इंग्रजी अक्षरांत असणार, कारण पुण्यात बघते ते बहुतेक सगळं तसंच असतं. मला त्यात गैर वाटत नाही, तुम्ही ज्यांचं बघून शिकलात ते तसं लिहायचे. पण जरा विचार करा, इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली अक्षरं वरून लोंबतात, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. ती दोरी वाकवता येते, तोडता येते, सहा फूट पुढे नेऊन भिंतीच्या कोपऱ्यावरून वळवता येते. ते ग्राफिटीतले बाण असतात ना एकमेकांत घुसलेले, आपल्याकडे त्यांची गरजच नाही, वेलांट्या, मात्रा, उकार, रफार हे सगळे आधीच बाणासारखे वर खाली धावतायत. जोडाक्षरं म्हणजे तर अक्षरांनी एकमेकांच्या अंगावर चढणंच. आणि पेठेतल्या वाड्यांच्या दारावरच्या पाट्या, ज्यांच्यावर सगळे हसतात, त्या मी लहानपणी बाबांबरोबर रंगवताना बघितल्यात. ज्याला जे म्हणायचंय ते तो थेट रस्त्यावरच्या माणसाला सांगतोय, भिंतीवर. ही आपली जुनी गोष्ट आहे, बाहेरून आणायला नको.

काय काढू असा प्रश्न असेल तर अप्पा बळवंत चौकातून मंडईपर्यंत चालत या, खिशात वही ठेवा आणि फोन आत ठेवा. काडेपेट्या, उदबत्तीचे पुडे, बँडवाल्यांच्या गाड्या, तांब्याच्या बंबाचे आकार, रिक्षाच्या मागच्या ओळी. हे माझं मत, पटेल ते घ्या.

ठिपक्यांची_रांगोळी:

शिरोरेषा +१. दोरीवरचे कपडे हे आता कधी विसरणार नाही.

चित्रकलेचे_सर:

मोठे विचार वरती मांडून झालेत, मी आपला पापुद्र्यांकडे वळतो. ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेली किती पोरं हातून गेली त्याची गणती नाही, त्यामुळे तुला अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

तू नक्की काय केलं असशील ते सांगतो. खाली हार्डवेअरचा स्प्रे मारलास, तो चकचकीत वाळला, आणि त्याच्यावर पाण्यातला ॲक्रिलिक रंग ब्रशने लावलास. बरोबर? तो स्प्रे एनॅमल जातीचा असतो. त्याच्या गुळगुळीत पाठीवर पाण्यातला रंग पकड घेत नाही, नुसता बसतो आणि काही महिन्यांनी सोलून येतो. उलटं कर. आधी ॲक्रिलिक, ते पूर्ण वाळलं की वर स्प्रे, पातळ पातळ हात, सहा ते आठ इंचांवरून. मधे चकचकीत भाग आलाच तर बारीक पॉलिशपेपरने त्याची चमक मारून मग पुढचा रंग. आणि भिंत हलत नाही पण कापड हलतं, कडक एनॅमलचा जाड थर ताणलेल्या कापडावर तडकणारच. स्प्रेचंच काम जास्त असेल तर कापडाऐवजी प्लायवूड किंवा एमडीएफचा बोर्ड घे, मागून पट्ट्या ठोक म्हणजे वाकणार नाही, आणि जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन तीन हात दे, प्रत्येक हातानंतर घास. ताडपत्रीचा मोह झाला असेल वरचं वाचून, तर ती आधी साबणाने धू, तिला तेलकटपणा असतो, आणि चित्र झाल्यावर घडी घालू नकोस, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळ.

ते फ्लोरोसंट गुलाबी आणि पोपटी वापरत असशील तर खिडकीच्या उन्हात टांगू नकोस, ते रंग उन्हाने फार लवकर उडतात. गिऱ्हाइकाला पण आधीच सांग.

ठिपक्यांसाठी भोकांचा पत्रा मिळतो, जाळीचा, त्याचा तुकडा कापून घे आणि स्टेन्सिलसारखा वापर. लिक्टेनस्टाइन पण भोकांच्या पत्र्यानेच करायचा. हाताने एकेक ठिपका काढत बसलास तर महिनाभर तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी ओरडून सांगतोय असं समज. घरात स्प्रे मारताना रुमाल बांधून चालत नाही, कोविडचे मास्कही थिनरची वाफ अडवत नाहीत. कोळशाचे काडतूस असलेला रेस्पिरेटर घे, खिडक्या उघड, पंखा बाहेरच्या दिशेने लाव, गॅस बंद ठेव. कपाटामागे कॅनव्हास आहेत म्हणजे आईपण त्याच घरात झोपते. गच्चीवर जा बाबा.

प्रदर्शनासाठी बालगंधर्वचं कलादालन किंवा घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन बघ, भाडं भरून मिळतात, तारखा मात्र बऱ्याच आधी धराव्या लागतात. किमतीचं म्हणशील तर चौरस इंचाला एक दर ठरव, वर सामानाचा खर्च, आणि तोच दर सगळ्यांना. ओळखीच्याला वेगळा आणि अनोळख्याला वेगळा असं केलंस की पहिल्या वर्षातच घोळ होतो.

नदीपात्र:

मी अजूनही भिंतीवरच आहे त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. विकला गेलास वगैरे मी म्हणणार नाही, कामाचे पैसे घेणं हा गुन्हा नाही. पण भाऊ, कॅनव्हास घेतला म्हणून भिंत सोडू नकोस.

माझं एक पीस होतं, अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी कोणीतरी वरून क्लासची जाहिरात चिकटवली. वाईट वाटलंच, पण त्या अकरा दिवसांत समोरच्या टपरीवाल्याने मला तीन चुका दाखवल्या, एका आजींनी विचारलं हे कोणत्या देवाचं, आणि शाळेतली पोरं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढायची. कलादालनात येतो तो माणूस ठरवून येतो, भिंतीसमोरून भाजी घेऊन चाललेला माणूस जातो. कोब्राचं उदाहरण बघ, साओ पावलोचा, पोरवयात भिंतींवर नुसतं नाव लिहायचा, आज त्याच्या रंगीत चौकोनांच्या भिंती जगभर आहेत, २०१६ च्या ऑलिम्पिकला रिओत पाच खंडांचे पाच चेहरे रंगवले त्याने. तो रंगाकडे गेला पण भिंतीवरूनच गेला. आपल्याकडे पण पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टवाल्यांनी पेठेतल्या भिंती केल्याच की.

फक्त परवानगी लेखी घे. मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा राज्याचा कायदा आहे, त्यात तुरुंगवास पण आहे आणि दंड पण. मालक तोंडी हो म्हणतो आणि नंतर त्याच्या भावाला आवडत नाही, हे माझ्याबरोबर झालंय, अख्खी भिंत पांढरी करून द्यावी लागली स्वखर्चाने.

भिंतवेडा:

दीड महिन्याने परत येतोय, मधे उत्तर दिलं नाही त्याबद्दल माफ करा, पण नुसतं धन्यवाद लिहायला लाज वाटत होती, काहीतरी करूनच लिहावं असं ठरवलं होतं.

सर, तुम्ही सांगितलं तसंच झालं होतं, अगदी तसंच, खाली स्प्रे वर ॲक्रिलिक. रेस्पिरेटर घेतला आणि गच्चीवर गेलो. शिरोरेषा ताई, पैज जिंकलात, नऊ वर्षं इंग्रजीतच लिहीत होतो, आणि खरं सांगतो, मराठीत कधी लिहावं असं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात वही नुसती खराब केली. शिरोरेषेचं काय करायचं तेच कळेना, ती काढून टाकली की अक्षरं भुईसपाट होतात आणि ठेवली की सगळं शाळेच्या फळ्यासारखं दिसतं. मग एक दिवस ती रेघ आधी मारली, एकच, हाताला पोचेल तेवढी लांब, शेवटाला खाली वळवली, आणि मग तिला अक्षरं लटकवत गेलो. तेव्हा जमलं.

तुम्ही म्हणालात तसा मंडईकडून चाललो, दोन रविवार जुन्या बाजारात पण गेलो. तिथे एका गंजलेल्या गाडीपाशी अर्धा तास उभा राहिलो. लुना. आमच्याकडे होती, आई मला तिच्यावरून शाळेत सोडायची, पुढे पाय ठेवायच्या जागेवर मी उभा आणि मागे दोन पिशव्या. पावसात चढावर बंद पडायची तेव्हा आई पायडल मारायची आणि मी उतरून मागून ढकलायचो. आपल्या पुण्यातल्याच कंपनीची हे मला आत्ता कळलं, १९७२ पासूनची.

तर बोहरी आळीतून सहा बाय नऊची ताडपत्री आणली, साबणाने धुतली, गच्चीवर दोरीला बांधली आणि लुना काढली. पूर्ण आकाराच्या दीडपट. मागे सपाट पिवळा, पाटीचा पिवळा, गाडी हिरवी, आउटलाइन काळी आणि एका दमात, जिथे हात थरथरला तिथे तसाच ठेवला. सावलीच्या जागी पत्र्याच्या जाळीचे लाल ठिपके. वर शिरोरेषा ताडपत्रीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिला लटकलेलं ‘लुना’, आणि उकार असा खाली खेचलाय की तो जाऊन चाकाला मिळतो. आईला वर बोलावलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली हिरवा चुकलाय, आपली जरा पोपटी होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः रंग कालवून दिला आणि तो बरोबर होता.

चौदापैकी अकरा कॅनव्हासवर पांढरा मारलाय, परत वापरणार. तीन ठेवलेत. नदीपात्र भाऊ, गॅरेजवाल्या काकांशी बोललोय, त्यांच्या त्या भिंतीचा रंग आता उडालाय, या वेळी पंक्चर मराठीत लिहिणार आणि परवानगी लेखी घेतलीय. लुनाचा फोटो खाली टाकतोय. चुका सांगा.

ठिपक्यांची_रांगोळी:

तो चाकाला मिळालेला उकार! मागच्या पिशव्यांचं चित्र पण होऊ दे आता, आणि पायडल मारणारी आई.

चित्रकलेचे_सर:

उत्तम. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात रंग जाड झालाय, तिथे तडा जाईल, लक्ष ठेव. आईंना नमस्कार सांग.

शिरोरेषा:

फोटो बाबांना दाखवला. चष्मा लावून बघितला, मग मोठा करून बघितला, मग परत लहान करून हात लांब धरून बघितला, ते पाटी झाल्यावर रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायचे तसं. रेघ आवडली. पिवळा आवडला, म्हणाले हा आपला पिवळा आहे.

पण म्हणाले ‘ल’ चुकलाय. तुम्ही तो फोनमधल्या अक्षरावरून घेतलाय ना? तो उभ्या दांड्याचा ल आहे, हिंदीचा. मराठीचा ल पाकळीचा, दोन पाकळ्या समोरासमोर आणि मधे देठ. गेली कितीतरी वर्षं फोनवर आणि फ्लेक्सवर तोच दांड्याचा ल बघून लोकांच्या हातातून आपला ल गेलाय, हे त्यांचं फार जुनं दुःख आहे, आज परत अर्धा तास ऐकलं. कागदावर काढून दाखवला त्यांनी, दोन्ही पाकळ्या एका दमात, हात अजून तसाच चालतो. आणि म्हणाले, पाकळीच्या लला उकार दिलास तर तो खाली जास्त गोल उतरेल, चाकाला आणखी चांगला मिळेल.

तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ती गॅरेजची भिंत कधी करताय ते कळवा, रविवार असेल तर मी बाबांना घेऊन येते. काठी आणि ब्रश ते आणतायत, रेड ऑक्साइडचं विचारत होते, म्हटलं भिंत आहे बाबा, पत्रा नाही. खडूची दोरी मात्र त्यांनी आत्ताच माळ्यावरून काढायला लावलीय.